चार हातांच्या यंत्राचे चित्र

मित्रांनो, वयाने मी काही फार मोठे नाही. पण माझ्यात रंगवलेले यंत्र आता कुणी वापरत नाही, म्हणून मलाही जुनेच म्हणावे लागेल. मी एका शस्त्रक्रियेचे चित्र आहे. एका रुग्णालयात, मूत्रपिंडाच्या सर्जनांच्या तपासणीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर मी बरीच वर्षे टांगलेले होते. ज्यांची शस्त्रक्रिया नव्या यंत्राने व्हायची असे, त्यांना ती कशी होते हे समजावणे एवढेच माझे काम. ते काम मी कसे केले, आणि आधी ते मला नीट का जमत नव्हते, हे तुम्हाला सांगायचे आहे.

मला घडवले एका चित्रकार बाईंनी. रुग्णालयातले सगळे त्यांना 'चित्रवाल्या ताई' म्हणत. त्या आधी जीवशास्त्र शिकल्या होत्या आणि चित्रकला त्यानंतर. त्यामुळे कुठली रक्तवाहिनी कुठल्या वाहिनीच्या पुढून जाते आणि कुठली मागून, यासाठी त्यांना पुस्तक उघडावे लागत नसे. बोलणे मोजके, पेन्सिलीला टोक मात्र कायम.

त्यांनी माझ्यासाठी जाड, किंचित खरखरीत कागद निवडला. रंग लावण्याआधी त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत जाऊन आल्या, मोठ्या पडद्यावर सगळे पाहून आल्या. मूत्रपिंड शरीरात चरबीने इतके वेढलेले असते की पाहणाऱ्याला पिवळ्या गोळ्यापलीकडे काही दिसत नाही. ताईंनी चित्रात ती चरबी बाजूला सारली. रक्त पुसून टाकले. धमनी लाल रंगवली, शीर निळी. शरीरात त्या अशा रंगीत नसतात, पण पाहणाऱ्याला चटकन ओळखू याव्यात म्हणून चित्रांत त्यांना असे रंग देण्याची रीत आहे. मूत्रपिंडाला त्यांनी तांबूस तपकिरी रंग दिला आणि त्याच्या कडेला एक छोटी गाठ काढली, मळकट पिवळी.

मग यंत्र. त्याला चार हात होते. एका हातात कॅमेरा आणि बाकीच्या तिन्हींत कात्री, चिमटा आणि सुई धरायचे अवजार. शर्टाच्या काजाएवढ्या छेदांतून ते हात पोटात उतरत आणि आत गेल्यावर मनगटासारखे वळत. ती इवलीशी मनगटे काढताना ताई श्वाससुद्धा बेताने घेत.

शिकत असताना ताईंच्या मनावर एक नियम बिंबवला गेला होता. जे समजावायचे नाही, ते काढायचे नाही. वैद्यकीय चित्रे काढणारे सगळेच हा नियम मानतात, आणि तो चांगलाच आहे. चित्रात नको त्या गोष्टी आल्या की डोळा भरकटतो. म्हणून ताईंनी खोलीतले दिवे गाळले, वायरी गाळल्या, अवजारांची ट्रॉली गाळली. पेन्सिलीच्या पहिल्या आराखड्यात डाव्या कोपऱ्यात सर्जन बसलेले होते. तेही त्यांनी खोडरबराने पुसले. समजावायचे होते यंत्र. सर्जन कसा दिसतो हे रुग्णाला समोरच दिसत होते. माझी डावी बाजू पांढरीशुभ्र राहिली आणि त्या पांढऱ्यावर यंत्र फारच उठून दिसू लागले.

मित्रांनो, माझे त्या वेळी खूप कौतुक झाले. डॉक्टर मंडळी खास मला पाहायला येत. "काय स्वच्छ काम आहे," म्हणत आणि चष्मा वर करून अगदी जवळून बघत. डॉक्टरांच्या एका संमेलनात मला पहिले बक्षीस मिळाले. मला काच आली, चौकट आली. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटू लागला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. माझ्यातली एकही रेघ चुकीची नव्हती.

मग रोजचे काम सुरू झाले. सर्जन अंगाने भरलेले आणि स्वभावाने घाईचे होते. पेनाचे टोक माझ्या काचेवर टेकवून ते झरझर सांगत, "इथून हात आत जातात, ही गाठ, एवढीच काढायची, बाकीची किडनी शाबूत." रुग्ण मान हलवत. "समजलं का?" "समजलं." पुष्कळ जण शस्त्रक्रिया करून घेत आणि बरे होऊन घरी जात. काही जण मात्र "घरी विचारून सांगतो" म्हणत आणि पुन्हा दिसत नसत. सर्जन म्हणत, "घाबरतात लोक. साहजिक आहे." रुग्ण नेमके कशाला घाबरतात, हे कुणी विचारले नाही. मला तर कुणी विचारणारच नव्हते.

एके दिवशी लिफ्टवाले काका आले. लिफ्टची दुरुस्ती हा त्यांचा धंदा, म्हणून खोलीतल्या मोठ्या सिस्टरांनी त्यांचे हे नाव पाडले होते. सोबत काकू होत्या. काकांच्या एका किडनीवर गाठ होती, ती बरोबर मोठ्या धमनीच्या कुशीत. दुसरी किडनी रक्तदाबाच्या जुन्या दुखण्याने आधीच थकलेली. म्हणजे गाठीच्या बाजूची किडनी वाचवणे त्यांना फार गरजेचे होते. ती पूर्ण गेली, तर उरलेल्या थकलेल्या किडनीवर त्यांचे सगळे आयुष्य अवलंबून राहिले असते. यंत्राने गाठ तेवढी काढून बाकीची किडनी वाचवता येईल, अशी सर्जनांना चांगली आशा होती.

सर्जनांनी नेहमीप्रमाणे पेन माझ्यावर फिरवले. काका माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"यंत्र बंद पडतं का कधी?" त्यांनी विचारले.

"फार क्वचित. आणि पडलं तरी आम्ही आहोत ना सांभाळायला."

काकांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. 'आम्ही' माझ्यात कुठेच नव्हते.

"समजलं," काका म्हणाले. "विचार करून सांगतो."

ते आले नाहीत. काही दिवसांनी काकू एकट्या आल्या. योगायोगाने चित्रवाल्या ताई तेव्हा खोलीत स्टुलावर उभ्या होत्या. माझ्या चौकटीचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो त्या आवळत होत्या. सर्जन खाली वॉर्डात होते. टेबलाशी मोठ्या सिस्टर होत्या.

"सिस्टर, यांच्या रिपोर्टची फाईल द्या," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे ऑपरेशन ठरवलंय. सोमवारी भरती व्हायचंय."

"अहो काकू, तिथे हे यंत्र नाही. मोठा छेद देणार ते."

"माहितेय. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाठ अवघड जागी आहे, बहुतेक आख्खी किडनी काढावी लागेल."

"आणि तरी तिथे?"

"मी काय करू? हे ऐकतील तर ना. म्हणतात, छेद मोठा असू दे, किडनी जाऊ दे, पण माणसाच्या हातून होऊ दे."

"म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे काय, तुमचं यंत्र एकटंच सगळं करणार ना." काकूंनी माझ्याकडे बोट केले. "हे बघा की. चार हात आहेत, पोट आहे, माणूस औषधालासुद्धा नाही. हे म्हणतात, डॉक्टर बटण दाबून चहाला जाणार. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात यांनी. कुठलं यंत्र कधी रुसेल, यांचा भरवसाच नाही. घरी मी मिक्सर लावला तरी शेजारी येऊन उभे राहतात."

सिस्टरांना हसू आले. ताईंना आले नाही. त्या स्टुलावरून खाली उतरल्या.

"काकू, हे चित्र मी काढलंय."

काकू ओशाळल्या. "चांगलंय हो. रंग छान आहेत."

"रंगांचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला यात काय दिसतं? खरं सांगा. मला राग येणार नाही."

काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि मला नीट पाहिले. "खरं सांगू? एखाद्याला उघडं टाकून सगळे निघून गेलेत, असं वाटतं."

मित्रांनो, मी काचेआड होते, तरी हे वाक्य मला थेट लागले. ताई माझ्या पांढऱ्या बाजूकडे पाहत होत्या. मग त्यांनी सिस्टरांना फाईल द्यायला सांगितली आणि काकूंना म्हणाल्या, "फाईल घेऊन जा. ठरवाल तिथे ऑपरेशन करा. पण शनिवारी काकांना एकदा इथे आणा. नुसतं बघायला."

"ते कसले येतायत. इथली लिफ्ट अडकलीय म्हणून सांगते, म्हणजे धावत येतील."

ताईंनी मला भिंतीवरून उतरवले आणि काखेत धरून तशाच वॉर्डात गेल्या. सर्जनांना त्यांनी सांगितले, "या चित्रात तुम्हाला घालायचंय."

"मला? कशाला? पेशंटला वाटेल मी स्वतःची जाहिरात करतोय."

"तुम्ही दिसत नाही म्हणून पेशंट दुसरीकडे चाललाय."

ताईंनी काकूंचे बोलणे जसेच्या तसे ऐकवले. सर्जन वॉर्डाबाहेरच्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "चहाला?" ते म्हणाले. "अहो, तिथे बसलो की मला पाणीसुद्धा मिळत नाही." मग जरा वेळाने, "म्हणजे ते बाकीचेही, जे परत आले नाहीत..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. ताईंनीही करायला लावले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुन्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत गेल्या. परत आल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी जे रेखाटले, त्यावरून मला कळले की या वेळी त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. सर्जन टेबलापासून थोड्या अंतरावर, कोपऱ्यातल्या आसनावर बसलेले. कपाळ समोरच्या, पोटातले दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या खिडकीला टेकलेले. दोन्ही हातांची बोटे छोट्या कड्यांत अडकवलेली. पायांत नुसते मोजे. आणि टेबलाच्या अगदी जवळ, रुग्णाला हात लागेल इतक्या अंतरावर, मदतनीस सर्जन आणि एक सिस्टर. दोघेही पूर्ण वेळ उभे.

ताईंनी मला चौकटीतून बाहेर काढले. बक्षीस मिळालेल्या चित्राला हात लावायला कुणीही कचरले असते. जलरंग एकदा चुकला की चुकला, तो परत उचलता येत नाही. पण ताईंचा हात स्थिर होता. नवा कागद का घेतला नाही, असे तुम्ही विचाराल. मला वाटते, त्यांना माझ्यातले काहीच खोटे ठरवायचे नव्हते. जे होते ते बरोबरच होते, फक्त अपुरे होते.

पांढऱ्या बाजूला आधी सर्जन आले. मग टेबलापाशी ते दोघे. शेवटी ताईंनी सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि सर्जनांच्या बोटापासून पोटातल्या कात्रीच्या टोकापर्यंत एक तुटक रेघ काढली. ती रेघ खरी नसते. धमनीचा लाल रंग जसा ओळखण्यासाठी असतो, तशी ही रेघही समजण्यासाठी होती.

सर्जन पाहायला आले. "पोट जरा जास्त झालंय माझं."

"मी मोजून काढलंय," ताई म्हणाल्या.

शनिवारी काका आले ते अवजारांची पिशवी घेऊनच. मी पुन्हा माझ्या जागी होते. खोलीत सर्जन, ताई आणि मोठ्या सिस्टर होत्या.

"कुठली लिफ्ट अडकलीय?" काकांनी दारातूनच विचारले.

"एकही नाही, काका," सिस्टर म्हणाल्या.

"ते कळलंच मला. तिच्यातूनच वर आलो." काका काकूंकडे वळले. "खोटं बोलून आणलंस होय?"

"खरं बोलले असते तर आला असतात का?"

काकांनी पिशवी खुर्चीखाली सारली आणि बसले. सर्जनांनी सवयीने खिशातले पेन काढले. ताईंनी मान हलवून त्यांना थांबवले.

"काका, आज आम्ही काही सांगत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, यात काय चाललंय?"

काकांनी डोळ्यांना चष्मा लावला. त्यांचे बोट माझ्या काचेवर हळूहळू सरकू लागले. "हे पेशंट. हे चार हात. हे... इथे कोण बसलंय?" त्यांनी चित्राकडे पाहिले, मग सर्जनांकडे, मग पुन्हा चित्राकडे. "हे डॉक्टर. यांचे बूट कुठे गेले?"

"पायांखाली पेडल असतात. बूट घातले की मला अंदाज येत नाही."

काका आणखी पुढे झुकले. "ही रेघ बोटापासून निघाली. इथे कात्रीपाशी पोचली. म्हणजे तुम्ही बोट वळवलं की ही वळते?"

"हो."

"आणि तुम्ही काहीच केलं नाही तर?"

"तीही काहीच करत नाही."

"समजा तुम्हाला शिंक आली. डोकं मागे गेलं."

"डोकं मागे घेतलं की हात जिथल्या तिथे थांबतात. मी परत बसेपर्यंत हलत नाहीत."

"ब्रेक आहे म्हणजे."

"आहे."

मग काकांनी मनातला खरा प्रश्न बाहेर काढला. "लिफ्ट अडकली की लोक मला फोन करतात. हे अडकलं, तर कुणाला करणार?"

"मलाच," सर्जन म्हणाले. "फरक एवढाच, की मी त्याच खोलीत असेन. आणि हे दोघे माझ्याहून जवळ." त्यांनी टेबलाशी उभ्या असलेल्या दोघांवर बोट ठेवले. "यंत्राचे हात बाहेर काढून बाजूला करायचे आणि पुढचं काम आपल्या हातांनी पुरं करायचं. त्याची अवजारं आधीपासून मांडून ठेवलेली असतात. तशी वेळ आली तर छेद मोठा होईल, आणि किडनी वाचेलच असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही एकटे नसाल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. आम्ही आहोत म्हणालो होतो."

"तेव्हा आम्ही म्हणजे कोण, ते कुठे दिसत होतं?" काकांनी चष्मा काढला. "म्हणजे याला ड्रायव्हर आहे."

"मग काय, वाऱ्यावर चालतंय वाटलं तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"तुलाही तेच वाटलं होतं."

"वाटलं होतं. पण मी कुणापाशी बोलले तरी. तुम्ही नुसते समजलं समजलं म्हणत बसलात."

काकांनी खुर्चीखालून पिशवी ओढून मांडीवर घेतली. "सोमवारचं रद्द कर तिकडचं."

"मी नाही करणार. तुम्ही ठरवलंत, तुम्हीच फोन करा."

काकांनी फोन केला, माझ्यासमोरच उभे राहून.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी अर्थातच भिंतीवर होते. मला काही दिसले नाही. पण संध्याकाळी सर्जन खोलीत आले, खुर्चीत बसले आणि बुटांची नाडी सोडत सिस्टरांना म्हणाले, "निघाली. आख्खी गाठ निघाली, किडनी जागेवर आहे." यंत्र एकदाही अडकले नाही. पोटावरचे टाके सुकल्यावर काका आले तेव्हा त्यांनी माझ्याविषयी काही विचारले नाही, फक्त जाता जाता माझ्या वाकड्या झालेल्या चौकटीला बोटाने सरळ केले.

त्या दिवसानंतर त्या खोलीची रीतच बदलली. सर्जन आधी पेन काढत नसत. ते रुग्णाला माझ्यासमोर बसवत आणि तुम्हाला काय दिसते ते सांगा म्हणत. लोक काय काय सांगत! एका आजोबांना वाटले, अवजारे कायमची पोटातच राहतात. एका शिक्षिकाबाईंना वाटले, निळी शीर म्हणजे आजारी शीर. प्रत्येक वेळी सर्जन त्यांची शंका दूर करत. "घरी विचारून सांगतो" म्हणणारे त्यानंतरही होते. पण आता ते खरोखर घरी विचारत आणि उत्तर सांगायला परत येत, मग ते हो असो की नाही.

पुढे रुग्णालयात नवे यंत्र आले. ते एकाच छेदातून आत जाते आणि आत गेल्यावर त्याची अवजारे वेगवेगळी होतात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हे चित्र राहू द्या हो इथे. सवय झालीय."

"सवय तुम्हाला झालीय," ताई म्हणाल्या. "पेशंट पहिल्यांदाच बघणार आहे."

आणि त्यांनी मला स्वतःच्या हाताने उतरवले. आता मी त्यांच्या कामाच्या खोलीत, रुंद खणात, पातळ कागदात गुंडाळलेले असते. भिंतीची आठवण येते. सकाळचे ऊन माझ्या काचेवर पडे, ते आता पडत नाही. ताईंच्या बोलण्यातून तिकडचे कळते. परवा काका वार्षिक तपासणीला येऊन गेले. रिपोर्ट चांगला आला. भिंतीवरचे चित्र बदलले आहे, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. ज्याला समजले, त्याने परत परत कशाला पाहायचे?

जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मित्रांनो, मी तसे म्हणणार नाही. जे यंत्र आता वापरातच नाही, त्याचे चित्र आजाऱ्यासमोर टांगणे बरोबर नाही. मला खणातच राहू द्या. जपायचे असेल तर माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला जपा. उद्या तुम्हीही कुणाला काही समजावून सांगाल. आजीला औषधाच्या वेळा, धाकट्या भावाला गणित, किंवा डॉक्टर होऊन एखाद्या घाबरलेल्या माणसाला त्याची शस्त्रक्रिया. तो मान हलवेल आणि समजलं म्हणेल. तेव्हा लगेच उठू नका. तुला काय दिसतंय, असे त्याला विचारा आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा. त्याचे उत्तर ऐकून आपले देखणे काम पुन्हा हातात घ्यावे लागले, तर खुशाल घ्या. याला फार वेळ लागत नाही. लिफ्टवाल्या काकांची जी किडनी आज त्यांच्या पोटात बिनबोभाट काम करते आहे, ती तेवढ्याच वेळात वाचली आहे.